माझी वेळ मुख्य यादीत लावा

प्रति,
सांगली, सातारा, कोल्हापूर पट्ट्यात ऑटोक्रॉसची मैदानं भरवणारे सर्व संयोजक, टायमिंगच्या टेबलावर बसणारी मंडळी आणि माइक धरणारे निवेदक

सप्रेम नमस्कार.

मी कुपवाडची. नावापेक्षा गाडीवरनं तुम्ही मला ओळखता. पांढरी जुनी एस्टीम, बॉनेट निळं, दारावर अण्णांच्या गॅरेजचं नाव. जे लिहितेय ते तुमच्यातल्या काहींना मैदानावर तोंडी सांगून झालंय. "बघू की ताई, पुढच्या टायमाला" एवढंच उत्तर मिळालं. पुढचा टाइम येतो, नवा फ्लेक्स लागतो, कागद मात्र तोच राहतो. म्हणून आता लिहून, आणि सगळ्यांसमोर.

कागद म्हणजे निकालाचा कागद. ज्यांनी ऑटोक्रॉस कधी बघितलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. माळावर नाहीतर मोकळ्या रानात मातीचा वळणावळणांचा ट्रॅक आखतात, टँकरनं पाणी मारतात आणि एका वेळी एक किंवा दोन गाड्या सोडतात. दुसऱ्याला घासून पुढं जायचं नसतं, सगळं भांडण घड्याळाशी. सुरुवातीला आणि शेवटी बीम, म्हणजे गाडी आडवी गेली की घड्याळ चालू-बंद करणारा किरण, लावलेला असतो. झेंडी किंवा कोन पाडला की दंडाचे सेकंद चढतात. ज्याची वेळ सगळ्यात कमी तो पहिला. आत बसलेलं माणूस कुठल्या गावचं, कुणाचा पुतण्या, कुणाची सून, हे बीमला कळत नाही.

कागदाला मात्र कळतं. तुमच्या निकालात अकराशे सीसीपर्यंतचा गट असतो, मग चौदाशेपर्यंतचा, सोळाशेपर्यंतचा, जिप्सीचा, ओपनचा, आणि सगळ्यात खाली, बहुतेक वेळा वेगळ्या पानावर, लेडीज. वरचे सगळे गट गाडीवरनं पाडलेले, शेवटचा तेवढा माणसावरनं. अकराशेची गाडी घेऊन आलेल्या गड्याला सोळाशेच्या गाडीशी लढायला लागू नये म्हणून तुम्ही किती काळजी घेता! आरसी बुक तपासता, शंका आली तर इंजिनाचं हेड उघडायला लावता. लेडीजच्या रांगेत भावाची आठशे सीसीची गाडी घेऊन आलेली इचलकरंजीची पोरगी, माझी तेराशेची एस्टीम आणि कुणाच्या तरी नवऱ्यानं सगळं काम करून घेतलेली सोळाशेची पोलो एकामागं एक उभ्या असतात. बाई आत बसली की इंजिनाची सीसी हिशेबातनं जाते, असा काहीतरी तांत्रिक नियम असावा. मला तो अजून कुठल्या पुस्तकात सापडलेला नाही.

गेल्या सीझनला साताऱ्याकडच्या एका मैदानावर (नाव घेत नाही, माणसं चांगली आहेत) मी लेडीजमध्ये पहिली आले. कप घेऊन खाली उतरले आणि टायमिंगच्या टेबलावर चौदाशेच्या गटाचा कागद पडला होता तो वाचला. तिसऱ्या नंबरच्या गाडीची वेळ माझ्यापेक्षा जास्त होती. थोडीथोडकी नव्हे, दुरून बघणाऱ्यालाही कळावी एवढी. त्या पोराला व्यासपीठावर तिसऱ्या क्रमांकाचा कप मिळाला, रोख रक्कम मिळाली, पेपरात नाव आलं. माझंही नाव आलं, "महिलांनीही दाखवली चुणूक" या चौकटीत, दोन शाळकरी मुलींच्या फोटोखाली. त्या पोराबद्दल मनात काही नाही. त्यानं गाडी चांगली मारली होती. पण त्या मैदानात तेराशेच्या गाडीतनं कोण किती वेगात गेलं, याची खरी यादी कुणाकडंच नव्हती. तुमच्याकडंही नाही.

दुसऱ्या एका ठिकाणी ट्रेलरवर गाडी टाकून पहाटे निघून गेलो, तर लेडीजला नोंदी कमी आल्या म्हणून क्लासच रद्द. फी परत मिळाली, वाद नाही. मी म्हणलं, मग चौदाशेत सोडा. तर म्हणे, "तिथं आता नाव घालता येत नाही, पण ताई तुम्ही डेमो रन मारा की, पब्लिकला आवडंल." डेमो रन, म्हणजे नुसती दाखवायची फेरी! सस्पेन्शन बदललं होतं, क्लच नवा टाकला होता, आणि मी काय प्रदर्शनाला आले होते? मारला नाही. गाडी ट्रेलरवरनं उतरवलीच नाही.

बक्षिसाचं एक सांगून पुढं जाते. एका मैदानात लेडीजचं पहिलं बक्षीस पैठणी होतं. पैठणी खरंच चांगली होती, आईनं भाचीच्या लग्नात नेसली. त्या महिन्यात एस्टीमला पुढचे दोन टायर हवे होते.

आता तुमचं म्हणणं घेते, कारण ते मला पाठ आहे.

पहिलं म्हणणं ताकदीचं. बायकांचा वेगळा गट सगळ्याच खेळांत असतो, मग इथं का नको? सगळ्या खेळांत नसतो. ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीत बाई आणि पुरुष एकाच यादीत उतरतात. जिथं वेगळा गट हवा तिथं हवाच. मार्च २०२३ मध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी आपल्या सांगलीत झाली, सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. कुस्तीत अंगाला अंग भिडतं, तिथं गट वेगळा नसता तर ती स्पर्धाच झाली नसती. क्रिकेटचंही तसंच, आणि स्मृती मानधनाच्या सांगलीत राहणाऱ्या मुलीला ते कुणी समजावून सांगायची गरज नाही. मोटर रेसिंगमध्येही ताकदीचा प्रश्न अगदीच खोटा नाही. मोठ्या सिंगल सीटर गाड्यांत वळणावर डोकं आणि हेल्मेट मिळून मानेवर कित्येक पटींनी ओढ येते. फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीवरच्या फॉर्म्युला टूच्या गाडीला वर्षानुवर्षं पॉवर स्टिअरिंगच नव्हतं, आणि हातात जोर नसेल तर ती गाडी चालवणाऱ्याला दमवून टाकते. म्हणून तिथले पुरुषसुद्धा मानेचे आणि खांद्यांचे व्यायाम रोज करतात. पण आपण बोलतोय कशाबद्दल? दोन-अडीच मिनिटांच्या मातीच्या फेरीबद्दल. माझ्या एस्टीमलाही पॉवर स्टिअरिंग नाही, आणि गाडी चालती असली की ते जाणवतही नाही. मातीत वेळ निघते ती वळणाच्या आधी ब्रेक कधी सोडला, डावा पाय कधी वापरला, हँडब्रेक किती ओढला, मागची बाजू सुटल्यावर ॲक्सिलरेटरवर पाय ठेवायचा धीर किती, यावर. यातलं कुठलंही काम दंडाच्या बेडकीनं होत नाही.

आणि हा खेळ जगात कुठंच मुळातनं वेगळा नाही. आपल्या देशाच्या मोटरस्पोर्ट फेडरेशनचा स्पर्धेचा परवाना बाईला आणि पुरुषाला एकच मिळतो. फॉर्म्युला वनच्या नियमातही बाईला मनाई नाही. १९५८ मध्ये मारिया तेरेसा दे फिलिपिस तिथं पुरुषांबरोबर उतरली. १९७५ मध्ये बार्सिलोनाच्या माँजुइक ट्रॅकवर लेला लोम्बार्डी सहावी आली. अपघातामुळं ती शर्यत अर्ध्यात थांबवली, म्हणून गुणही अर्धे झाले, आणि तिच्या वाट्याला अर्धा गुण आला. तेव्हापासून आजवर फॉर्म्युला वनमध्ये दुसऱ्या कुठल्या बाईला गुण मिळालेला नाही. अर्धा का असेना, तो मुख्य तक्त्यात लिहिलेला आहे, म्हणून आज पन्नास वर्षांनी कुपवाडच्या गॅरेजमध्ये बसून मला तो माहीत आहे. वेगळ्या पानावर लिहिला असता तर कुणी जपून ठेवला असता?

रॅलीचं उदाहरण तर आपल्याला आणखी जवळचं, कारण तिथंही घड्याळाशीच लढायचं असतं. फ्रान्सची मिशेल मूटाँ १९८१ मध्ये सान रेमोची जागतिक रॅली जिंकली. १९८२ मध्ये ऑडी क्वात्रो घेऊन पोर्तुगाल, ग्रीस आणि ब्राझील अशा तीन रॅली जिंकल्या आणि वर्षाच्या शेवटी जगात दुसरी आली. शेजारच्या सीटवर पुढच्या वळणांच्या नोट्स वाचायला फाब्रित्सिया पोन्स, म्हणजे गाडीत दोन्ही बायकाच. २००१ ची डाकार रॅली जर्मनीच्या युटा क्लाइनश्मिटनं पजेरोतनं जिंकली, लेडीज गटात नव्हे, अख्खी.

लेडीज कपच बंद करा असं मात्र मी म्हणत नाही. माझ्याबरोबर गाडी चालवणाऱ्या एक-दोघी तसं म्हणतात, त्यांचं-माझं यावरनं वाजलंही आहे. मला तो कप हवा, पण जुन्या युरोपी रॅलींत होता तसा. त्या रॅलींत 'कूप दे दाम' नावाचा बायकांचा कप असायचा. तो मिळवायला वेगळी स्पर्धा नव्हती. सगळे एकाच रस्त्यावर, एकाच यादीत, आणि त्या यादीत जी बाई सगळ्यात वर ती कपाची मानकरी. म्हणून १९६० मध्ये पॅट मॉसनं लिएज-रोम-लिएज ही युरोपातली महाभयंकर समजली जाणारी रॅली सरळ पहिल्या नंबरानं जिंकली, तेव्हा ते लपवायला कुठलं वेगळं पान नव्हतं. आपल्याकडचंच बघा. बंगळुरूची ऐश्वर्या पिस्से २०१९ मध्ये मोटरसायकलच्या बाहा, म्हणजे रस्ता सोडून रानावनातल्या शर्यतींच्या, विश्वचषकात महिलांमध्ये पहिली आली आणि ज्युनिअर गटात, मुलांच्या बरोबरीनं, दुसरी. रायडर एक, मैदान एक, नाव दोन याद्यांत. माझी मागणी याच्यापेक्षा तसूभर जास्त नाही.

आणि वेगळ्या दाराचा उपयोग होतो, हे मी नाकारूच शकत नाही. पुण्याच्या डायना पुंडोले महिलांसाठीच्या निवड कार्यक्रमातनं या खेळात आल्या आणि २०२४ मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर सलून, म्हणजे साध्या बंद मोटारींच्या, गटात पुरुषांना मागं टाकून राष्ट्रीय विजेत्या झाल्या. भारतात असं करणारी ती पहिली बाई. तिकडं युरोपात डब्ल्यू सिरीज ही फक्त बायकांची शर्यतमालिका २०१९ ला निघाली, पैसा पुरला नाही आणि २०२२ ला बंद पडली. तीनच सीझन झाले, तिन्ही विजेतेपदं जेमी चॅडविकची. आता २०२३ पासून तशीच एफ वन अकॅडमी चालू आहे. तिथलाही वाद हाच, की आत आलेली मुलगी पुढं मिश्र यादीत जाते का. दार ठेवा, पण दारातनं आत आल्यावर खोली पाहिजे.

ते दार लागतं कशाला, हे सांगायला मला आमच्या गॅरेजवर यावं लागेल. अण्णांकडं कामाला येणारा पोरगा पंधरा दिवसांत गाडी मागंपुढं घ्यायला शिकतो. वॉशिंगच्या रॅम्पवर चढव, पिटावर घे, गेटातनं बाहेर काढ. कुणी त्याला शिकवत नाही, किल्ली बोर्डावर टांगलेली असते. संध्याकाळी गाडी टेस्टिंगला निघाली की तो शेजारी बसतो, मोठा झाला, लायसन निघालं की स्टिअरिंगवर. मी त्याच गॅरेजमध्ये वाढले आणि दहावीपर्यंत माझी जागा काउंटरवर होती. बिलं मी लिहायची, स्पेअरचा हिशेब माझ्याकडं, कुठल्या गाडीचा सीव्ही जॉइंट (चाकाला इंजिनाची ताकद पोचवणारा सांधा) वाजतोय ते मला आवाजावरनं कळायचं, पण किल्लीला हात लावला की कुणीतरी म्हणायचं, "ए, ठोकशील." अण्णा वाईट नव्हते. गिऱ्हाइकाची गाडी, एवढंच त्यांच्या डोक्यात. लायसन मिळाल्यावरसुद्धा रात्री एकटीनं अंकलीच्या पुलाकडं गाडी घेऊन जाणं म्हणजे घरात बैठक बसायची. आमच्या पोरांनी जी हजारो वळणं न मोजता, कुणाला न विचारता घेतली, ती मला विकत घ्यावी लागली. कोल्हापुरात मोहित्यांच्या ट्रॅकवर गो-कार्टचे पैसे भरून मी ब्रेकिंग शिकले, आणि पैसे भरून फेऱ्या किती मारता येतात ते तुम्हाला माहीत आहे.

मुली मागं असतील तर त्या या कारणानं आहेत. आणि हे कारण मैदानावर तुम्हीच आणखी वाढवता. चौदाशेच्या गटाला तीन रन, लेडीजला "ऊन झालं, जेवायची वेळ झाली" म्हणून एक. एका रनमध्ये कोण काय शिकणार? तेही दुपारी, जेव्हा टँकरचं पाणी सुकून ट्रॅकवर चरे पडलेले असतात आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूला भुसभुशीत मातीचा ढीग साचलेला असतो.

इथंच तुमचं दुसरं म्हणणं येतं, की सकाळची वेळ आणि दुपारची वेळ एका यादीत कशी लावायची. बरोबर आहे, लावता येत नाही. पाणी मारल्या मारल्या पहिल्या दोन-चार गाड्या घसरतात, मग ट्रॅक पकड धरतो, मग उखडतो. म्हणून तर म्हणते, आम्हाला आमच्या सीसीच्या गटात, त्याच ओघात, पोरांच्या मधे-मधे सोडा. लेडीज कप त्याच वेळांवरनं काढा. तुमचं वेगळं सत्र वाचेल, टँकरची एक खेप वाचेल, आणि संध्याकाळी बक्षीस समारंभ अंधारात करायला लागणार नाही.

तिसरं म्हणणं मोठ्यानं कुणी बोलत नाही. एका वयस्कर संयोजकांनी बाजूला घेऊन सांगितलं, "पोरी, तुझं खरं आहे, पण बाईच्या खाली नाव लागलं तर पोरं पुढच्या वर्षी नोंद करायची नाहीत." काका, तुम्ही ते मायेनं बोललात म्हणून तेव्हा गप्प बसले. पण तुम्ही तुमच्या पोरांना ओळखत नाही. तासगावकडच्या मैदानात माझा सीव्ही जॉइंट गेला तेव्हा चौदाशेच्या गटातल्याच दोघांनी गाडीखाली झोपून तो बदलून दिला, एकानं स्वतःच्या स्पेअरमधला दिला. त्यातल्या एकाची वेळ माझ्यापेक्षा जास्त आहे हे त्याला माहीत आहे, तो मला वळणाची लाइन विचारतो. ज्याला बाईच्या खाली नाव लागलं म्हणून घरी बसायचंय त्याला बसू दे. एक-दोन नोंदी जातील. ज्या पोरी फक्त लेडीजला काय जायचं म्हणून येत नाहीत, त्या येतील.

निवेदक मंडळींना दोन शब्द. तुमच्यातले बरेच जण बैलगाडा मैदानं गाजवलेले, आवाजाला तोड नाही. गड्याची गाडी सुटली की तुम्ही गाडी कुठली, टायर कुठले, मागच्या रनला वेळ किती, सगळं सांगता. माझी गाडी सुटली की "आल्या आल्या आपल्या रणरागिणी, झाशीच्या राणीची आठवण, टाळ्या कमी पडतायत." माझ्या गाडीचा मागच्या रनचा टाइम सांगा की. १९७७ मध्ये अमेरिकेच्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत जॅनेट गथ्री पहिल्यांदा पात्र ठरली, तेव्हा "सद्गृहस्थहो, इंजिनं सुरू करा" ही तिथली ठरलेली घोषणा संयोजकांना बदलावी लागली होती. तुम्हाला तर घोषणा बदलायचीही नाही, गड्यांसाठी जी वापरता तीच वापरा.

आणि माळावर बायकांसाठी आडोसा आणि संडासची सोय करा. सकाळी सातला स्क्रूटिनी म्हणजे गाडीची तपासणी, संध्याकाळी सहाला बक्षीस, मधे अंगात रेसिंग सूट. जास्त लिहायला लागू नये एवढी ही साधी गोष्ट आहे. मैदानावर द्यायला ठेवलेले हेल्मेट आणि सूट सगळे मोठ्या मापाचे असतात, त्यात एक-दोन लहान माप ठेवा. सैल हेल्मेट घालून आठशे पळवणारी ती इचलकरंजीची पोरगी मी बघितलीय.

यादीत मी तिसरी येईन असं नाही. सोळाशेतनं चौदाशेत उतरून येणारे जुने खेळाडू आहेत, त्यांच्यापुढं माझा निभाव लागत नाही हे मला माहीत आहे. अकरावी आले तर अकरावी लिहा. दहाव्याचा आणि माझा फरक किती, तो कुठल्या वळणात पडला, हे मला त्या कागदावरनं कळेल. लेडीजमध्ये पहिली आल्यावर यातलं काहीच कळत नाही.

दिवाळीनंतर रानं मोकळी झाली की तुमची मैदानं परत सुरू होतील. फॉर्मवर मी चौदाशेच्या रकान्यात खूण करणार आहे आणि लेडीजच्याही. फी एकीची घ्यायची की दोन्हींची, ते तुम्ही ठरवा, मी भरते. फक्त फॉर्म छापायच्या आधी कळवा, कारण टायरवाल्याला ॲडव्हान्स त्याच्याआधी द्यावा लागतो.

आपली,
निळ्या बॉनेटची एस्टीमवाली
कुपवाड, जि. सांगली